पेशी, साखर आणि ऊर्जा: उत्तरपत्रिकेतल्या या चुका टाळा

‘वनस्पती पेशी प्रकाशसंश्लेषण करते, प्राणी पेशी श्वसन करते.’ दहावीच्या उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य इतक्यांदा समोर येतं, की लाल पेन आता आपोआप तिथे थबकतो. लिहिलंय त्यात फारसं चुकीचं नाही. जे राहून गेलंय, तिथे घोळ आहे. वनस्पतीची पेशीही श्वसन करते, तेही दिवसरात्र.

हरितलवकात, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या अंगकात, साखर तयार होते म्हणजे कोठी भरते. पण नुसत्या भरल्या कोठीने पोट भरत नाही. त्या साखरेतली ऊर्जा पेशीच्या कामाला यायची, तर तिचं विघटन करून एटीपी, म्हणजे पेशीला थेट खर्चता येणारं ऊर्जेचं चलन, बनवावं लागतं. ते काम पेशीद्रव्यात सुरू होतं आणि तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) पुरं होतं, पालकाच्या पानातही आणि आपल्या यकृतातही. म्हणून वनस्पती पेशीच्या आकृतीत तंतुकणिका न काढणं ही मी किरकोळ चूक मानत नाही. पटत नसेल तर मुळांचा विचार करा. तिथे ना उजेड, ना हरितलवक. पानांकडून रसवाहिन्यांतून सुक्रोज येतं, त्यावरच मुळांचा संसार चालतो.

दिवसा पानातून ऑक्सिजन बाहेर पडतो, कारण भर उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग श्वसनापेक्षा बराच जास्त असतो. श्वसन तेव्हाही बंद नसतं.

वनस्पतीही श्वसन करते हे दाखवायला मोड आलेले मूग आणि कार्बन डायऑक्साइडने दुधाळ होणारी चुन्याची निवळी घेऊन प्रयोग करतात, आणि तो हमखास फसतो. बहुतेकदा निवळी जुनी असते: उघडी राहिल्याने ती हवेतल्याच कार्बन डायऑक्साइडने आधी पांढुरकी झालेली असते. कधी झाकणाला फट असते. तुलनेसाठी उकळलेले मूग ठेवले आणि तीही निवळी दुधाळ झाली, तर दोष मुगाचा नाही, त्यांवर वाढलेल्या जंतूंचा आहे. श्वसन तेही करतातच! उकळलेले दाणे जंतुनाशकात बुडवून घ्या.

स्टार्च ओळखणाऱ्या आयोडीनचंही तसंच. बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो. मग कुणीतरी कांद्यावर टाकतं, रंग येत नाही आणि ‘आयोडीन खराब झालं’ म्हणून बाटली बेसिनमध्ये रिकामी होते. आयोडीन चांगलंच असतं. कांदा आपला साठा स्टार्चच्या नव्हे, मुख्यतः फ्रुक्टनच्या, म्हणजे फ्रुक्टोज साखरेच्या साखळ्यांच्या, रूपात ठेवतो. प्राण्यांचा साठा ग्लायकोजेनचा, यकृतात आणि स्नायूंत. त्यावर आयोडीन टाकलं तर लालसर तपकिरी रंग येतो. सेल्युलोजला मात्र साठा म्हणू नका. ती पेशीची भिंत आहे. तीही ग्लुकोजचीच बनलेली, पण जोडणी निराळी, आणि ती तोडणारं विकर (एन्झाइम) आपल्याकडे नाही. गाईकडेही स्वतःचं नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात.

आता आकड्याचा वाद. एका ग्लुकोजमागे 38 एटीपी असं अनेक पुस्तकांत छापलेलं असतं. तो कागदावरचा कमाल हिशोब. प्रत्यक्षात तंतुकणिकेच्या पटलातून थोडी गळती होते, ने-आण करण्यातही खर्च होतो, म्हणून आज 30 ते 32 मानतात. परीक्षेत आपल्या पुस्तकातला आकडा लिहा, पण नवा आकडा दिसला म्हणून गोंधळू नका. ग्लुकोज-विघटनात (ग्लायकोलिसिस, म्हणजे पेशीद्रव्यातला पहिला टप्पा) मात्र चार एटीपी बनतात आणि दोन खर्च होतात, त्यामुळे निव्वळ नफा दोनच. इथे ‘चार’ लिहून गुण घालवणारे दर वर्षी भेटतात.

आणखी एक, हुशार मुलंही फसतात अशी जागा: श्वासातून घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, असं ती धरून चालतात. तो ऑक्सिजन तंतुकणिकेतल्या इलेक्ट्रॉन-वहन साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन स्वीकारून पाण्यात जातो. कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन येतो तो ग्लुकोजमधून.

ऑक्सिजन अपुरा पडला तर? इथे ‘विनॉक्सिश्वसनात अल्कोहोल तयार होतं’ असं सरसकट लिहू नका. यीस्टमध्ये आणि पाण्यात बुडालेल्या मुळांत होतं. आपल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल होतं. आणि कबड्डीच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी दुखणाऱ्या मांड्यांचं खापर त्यावर फोडू नका. ते तासाभरात बरंचसं निघून जातं, काही भागाचं यकृत पुन्हा ग्लुकोज करून टाकतं.