जुने बर्तियों-कार्ड कसे वाचावे

जुन्या पोलीस दप्तरातले ओळखकार्ड हाती आले की नजर आधी छायाचित्रावर जाते, परंतु वाचन आकड्यांपासून सुरू करावे. १८७९ साली पॅरिस पोलिसांत कारकून म्हणून लागलेल्या आल्फोन्स बर्तियोंपुढे छायाचित्रांची उणीव नव्हती. खोटे नाव सांगणाऱ्या सराईत गुन्हेगाराचे जुने चित्र हजारोंच्या ढिगातून हुडकायचे कसे, ही खरी अडचण होती. म्हणून त्यांनी शरीराची मापे कार्डावर नोंदवून त्या मापांप्रमाणे कार्डे लावण्याची पद्धत काढली; तीच ही बर्तियों-कार्डे.

सर्वांत आधी डोक्याची लांबी पाहावी. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंतचे हे अंतर कॅलिपरने मिलिमीटरमध्ये घेत. त्यानंतर डोक्याची रुंदी आणि डाव्या हाताचे मधले बोट पाहावे. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन गट असल्यामुळे एवढ्या तीन मापांतच कार्ड २७ पैकी एका कप्प्यात जाऊन पडे. पाऊल, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात आणि करंगळी ही मापेही डावीकडचीच दिसतील, कारण कष्टाच्या कामाने डाव्या अंगात कमी फरक पडतो असे बर्तियोंचे मत होते. पाऊल मोजताना माणसाला त्याच एका पायावर उभे करीत, म्हणजे सगळा भार पडून तळवा पुरता पसरे आणि बोटे आखडून माप चोरता येत नसे; मला ही युक्ती साऱ्या पद्धतीत सर्वांत हुशारीची वाटते.

आता छायाचित्राकडे वळावे. एक समोरून, एक उजव्या बाजूने, दोन्ही मूळ आकाराच्या एक-सप्तमांश. बाजूच्या चित्रात कानावर थांबावे: पाळीचा आकार, ती गालाला चिकटलेली आहे की सुटी, कडेची घडी. दाढी आणि वजन बदलले तरी कान ओळख देतो.

एका मापावरून मात्र निर्णय करू नये. मोजणारा बदलला की मिलिमीटर बदलत, आणि वाढत्या वयाच्या मुलांना ही पद्धत लागूच पडत नसे. कलकत्त्यात १८९७ साली बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू होण्यामागे हीच कारणे होती.

कार्डावर बोटांचे ठसे आढळले तर ते उत्तरकाळातले समजावे. १९०२ मध्ये बर्तियोंनी काचेवरच्या ठशांवरून शेफेर नावाचा खुनी ओळखला खरा. पण कार्डे तेव्हाही मापांप्रमाणेच लावलेली होती, ठशांप्रमाणे नव्हे.