खोगिराची तपासणी: सांगाडा, पाठ, भरती आणि तंगाचे पट्टे

जुनं खोगीर हाती आलं की पहिला हात साबणाकडे आणि तेलाच्या बाटलीकडे जातो. खरं काम नेमकं उलट्या टोकाला सुरू होतं. वरचं चामडं कितीही चकाकलं तरी आतला सांगाडा मोडलेला असेल तर ते खोगीर निकामीच. सांगाडा धड असून त्या घोड्याच्या पाठीला बसत नसेल तर त्यावर नवे पट्टे शिवणं म्हणजे मेहनत वाया. म्हणून आधी सांगाडा, मग पाठ, मग लोकरीची भरती आणि सगळ्यात शेवटी सुई-दोरा. पुढचं सगळं इंग्लिश पद्धतीच्या खोगिराबद्दल आहे.

सांगाडा

या सांगाड्यालाच ट्री म्हणतात. पारंपरिक ट्री बीच लाकडाचे पातळ थर चिकटवून करतात. पुढच्या कमानीला पोलादी पट्ट्यांचा आधार असतो, आणि स्प्रिंग ट्री असेल तर पुढून मागे दोन लवचीक पोलादी पट्ट्याही जातात. हल्ली प्लॅस्टिकच्या साच्यातल्या ट्रीही असतात. तपासणी दोन्हींची सारखीच.

खोगीर मांडीवर उलटं घ्या. पुढच्या कमानीची दोन टोकं फ्लॅपखाली (स्वाराच्या पायाखाली येणाऱ्या बाजूच्या चामड्याखाली) चाचपून दोन्ही हातांनी धरा, आत दाबा, मग बाहेर ओढा. इथे जराही हालचाल नको, आवाज नको. कट्‌कट्‌ किंवा करकर ऐकू आली तर रिबिटं सैल झाली आहेत किंवा कमान तडकली आहे. आता मागची उंच कड पोटाशी टेकवून पुढची कमान दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. स्प्रिंग ट्री थोडी लवेल आणि सोडल्यावर लगेच जागेवर येईल. ते ठीक आहे. पण बैठकीच्या चामड्यावर एकाच जागी आडवी घडी उमटली, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा जास्त लवली, तर तिथे काहीतरी तुटलेलं आहे. कमान तुटलेल्या खोगिरावर स्वारी करायची नाही. ते पूर्ण उसवून उघडावं लागतं आणि ते काम कारागिराचं.

मागच्या कडेच्या मध्यापासून डाव्या आणि उजव्या रिकिबीच्या लोखंडी पट्टीपर्यंत टेपने मोजा. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. ती सारखी नसतील तर ट्री पिळली आहे, आणि पीळ भरतीने दुरुस्त होत नाही. त्या लोखंडी पट्टीच्या टोकाला वर-खाली होणारा खटका असतो, तोही पाहून घ्या. स्वारीच्या वेळी तो उघडाच ठेवायचा, म्हणजे पडणाऱ्याचा पाय अडकला तर रिकिबीचा पट्टा निसटून मोकळा होतो.

पाठीवर

घोडा सपाट जमिनीवर, चारही पाय सरळ, मान नैसर्गिक उंचीवर. खोगिराखाली काहीही घालू नका. जाड गादी घालून तपासणं म्हणजे मोजे चढवून पायाचं माप देणं.

खांद्याच्या हाडाची मागची कड बोटांनी शोधा आणि खडूने खूण करा. कड सापडत नसेल तर कुणाला तरी पुढचा पाय उचलून पुढे ताणायला सांगा. हाडाचं वरचं टोक मागे सरकताना हाताला स्पष्ट लागतं. ही हालचाल लक्षात ठेवा, कारण चालताना दर पावलाला ती होते. मग खोगीर मुद्दाम थोडं पुढे, विदर्सवर (मान आणि पाठ जुळतात तिथल्या उंचवट्यावर) ठेवा आणि केसांच्या दिशेने मागे सरकवत न्या. एका जागी ते आपणहून थांबतं. तीच त्याची जागा. ओढून पुढे आणू नका. ट्रीची टोकं खडूच्या खुणेच्या मागे दोन-तीन बोटं असावीत. नवख्यांचं खोगीर हमखास पुढे बसतं, कारण तिथे ते छान घट्ट वाटतं. प्रत्यक्षात ते खांद्यावर अडकलेलं असतं आणि घोडा आखूड पावलं टाकू लागतो.

मागची मर्यादा शेवटच्या बरगडीने ठरते. तिच्यावरून बोट फिरवत पाठीच्या कण्यापर्यंत या. साधारणपणे तिथे छातीचा अठरावा मणका असतो, आणि खोगिराच्या तळाची, लोकर भरलेली वजन पेलणारी गादी त्याच्या मागे जाता कामा नये, कारण पुढच्या कमरेच्या भागाला खालून बरगड्यांचा आधार नाही. स्वार उंच आहे म्हणून बैठक लांब हवी आणि घोड्याची पाठ आखूड, असा पेच आला तर पाठीचंच ऐकायचं.

कमानीचा कोन समोरून पाहा. ट्रीची टोकं खांद्यामागच्या उताराला समांतर हवीत. ट्री अरुंद असेल तर टोकं रुततात, पुढचा भाग वर उचलला जातो आणि स्वार मागे कलतो. रुंद असेल तर पुढचा भाग खाली बसून कमान विदर्सला टेकू पाहते. स्वार बसल्यावर विदर्सच्या वर दोन ते तीन बोटं मोकळी राहावीत, आणि फक्त वर नाही, बाजूंनाही. अरुंद खोगिरात ही जागा भरपूर दिसते म्हणून फसू नका. जास्त जागा हीसुद्धा तक्रारच आहे. आणि अरुंद खोगिराखाली जाड गादी घातली की चिमटा आणखी आवळला जातो.

दोन गाद्यांमधली कण्यावरची खाच पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटं रुंद आणि सरळ असावी. मागून वाकून पाहिल्यावर आरपार उजेड दिसला पाहिजे.

आता तळवा वर करून हात गादीखाली पुढून मागे सरकवा, दुसऱ्या हाताने खोगीर हलकेच दाबा. दाब सगळीकडे एकसारखा लागावा. पुढे-मागे घट्ट आणि मध्ये पोकळ लागलं तर खोगीर पुलासारखं चार टोकांवर उभं आहे. उलट मध्येच टेकत असेल तर पुढे-मागे डुलेल. थोडी पोकळी भरतीने बुजवता येते, पण ट्रीचा बाक आणि पाठीचा बाक मुळातच वेगळे असतील तर नाही. ढोबळ परीक्षा अशी: पोकळीत चार बोटं सहज जात असतील तर दुसरं खोगीर शोधा.

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा; तो खोगिराच्या ज्या पट्ट्यांना अडकवतात ते तंगाचे पट्टे. या पट्ट्यांची रेघ सरळ खाली, कोपरामागच्या खळग्यात उतरते का पाहा. तंग नेहमी त्या खळग्यात जाऊन बसतो आणि खोगिराला आपल्यामागे ओढतो. पट्टे खळग्याच्या मागे लोंबत असतील तर चार फेऱ्यांत खोगीर खांद्यावर चढेल, कितीही आवळा.

शेवटी स्वारीनंतरचा घाम. सगळीकडे ओलं आणि मध्येच एक कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब इतका आहे की घामच सुटत नाही, किंवा तिथे खोगीर टेकतच नाही. दोन्ही शक्यता असतात. हात घालून ठरवा. केस उलटे फिरलेले दिसले तर खोगीर तिथे घासत सरकतं आहे. पांढरे केस म्हणजे जुनी इजा. ते आधीच्या खोगिरामुळेही असू शकतात.

हे सगळं झालं की चित्रकामाची वाकवता येणारी पट्टी खडूच्या खुणेच्या ५ सेंमी मागे विदर्सवर दाबून बसवा, आकार न बिघडवता उचला, पुठ्ठ्यावर आतल्या कडेने रेघ मारा आणि तारीख लिहा. चारा, काम, ऋतू आणि वय यांनी पाठ बदलते. तीन-चार महिन्यांनी नवी रेघ जुनीवर ठेवली की बदल डोळ्यांना दिसतो.

भरती

नव्या किंवा नव्याने भरलेल्या गाद्यांमधली लोकर पहिल्या काही आठवड्यांत दबते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पहिली तपासणी, पुढे वर्षातून किमान एकदा. गादी अंगठ्याने दाबत जा. अंगठा थोडा आत जावा आणि गादी परत वर यावी. खडे लागले तर लोकर गोळा होऊन नमदा झाला आहे. वरून नवी लोकर घालून ते खडे जात नाहीत, उलट जास्त रुततात. अशी गादी पूर्ण रिकामी करूनच भरायची.

थोडी भर घालायची असेल तर गादीच्या वरच्या अंगाला असलेल्या चिरांमधून घालतात. लोकर हाताने पिंजून सुपारीएवढे सैल पुंजके करा. टोकाला खाच असलेल्या चपट्या सळईने पुंजका सर्वांत लांबच्या कोपऱ्यात न्या आणि तिथून चिरेकडे येत जा. प्रत्येक पुंजका आधीच्यात थोडा गुंतला पाहिजे, नाहीतर मध्ये खळगा राहतो. डाव्या गादीत चार पुंजके गेले की उजवीकडे वळा. सर्वाधिक होणारी चूक जास्त भरण्याची: गादी टणक, गोल होते, पाठीला पट्ट्याऐवजी रेघेवर टेकते आणि खोगीर डाव्या-उजवीकडे घरंगळतं.

तंगाचे पट्टे

पट्ट्यांची भोकं लांबट झाली असतील, भोकापासून कडेकडे चीर गेली असेल, किंवा पट्टा दुमडल्यावर वरचा थर तडकत असेल तर तो बदलायचा. डावीकडचे आधी झिजतात, कारण तंग बहुधा डावीकडूनच आवळतात; पण बदलताना दोन्ही बाजूंचे जोडीने बदला, नाहीतर नवा ताणला जाईल आणि जुना नाही.

बऱ्याच खोगिरांत दर बाजूला तीन पट्टे असतात. पहिला एका आडव्या विणीच्या पट्टीला शिवलेला असतो, दुसरा आणि तिसरा दुसऱ्या पट्टीला. म्हणून तंग पहिल्याला आणि उरलेल्यांपैकी एकाला लावायचा. दुसरा-तिसरा एकत्र वापरले तर एक पट्टी तुटताच खोगीर सुटतं. या विणीच्या पट्ट्या गादीचा पुढचा भाग उसवून नीट पाहा. खिळ्यांजवळ गंजाचे डाग किंवा सुटलेले धागे असतील तर बैठक उघडावी लागेल. तिथे थांबा आणि काम कारागिराकडे द्या.

चामडं वनस्पतींच्या सालीने कमावलेलं, जनावराच्या पाठीच्या मागच्या भागातलं, कण्याला समांतर कापलेलं, ४ ते ४.५ मिमी जाडीचं. पोटाकडचं चामडं ताणतं, मानेकडचं सुरकुततं. वरची बाजू बाहेर ठेवून दुमडा: तडा गेला किंवा पोकळ सुरकुत्या आल्या तर नको. रुंदी २५ मिमी. लांबी मोजायला सगळ्यात कमी वापरलेला पट्टा घ्या, वापरलेला मूळ मापापेक्षा लांबलेला असतो. कापलेला पट्टा ओलसर करून ताणून सावलीत सुकवा, मग कडा तासा आणि पाण्याचा हात लावून लाकडाने घोटा. भोकं सगळ्यात शेवटी, २५ मिमी अंतरावर, दोन्ही बाजूंची एकाच उंचीवर. भोकं पाडून मग ताणलात तर अंतरं बिघडलीच.

पट्टा विणीच्या पट्टीवर ७५ मिमी चढू द्या. वरचं टोक मांसाच्या (चामड्याच्या आतल्या, खरबरीत) बाजूने तासून उतरतं करा, म्हणजे मांडीखाली उंचवटा येणार नाही. शिवण दोन्ही कडांपासून ४ मिमी आत, लांबीच्या दिशेने. वरच्या टोकाला आडवी जोडली तरी चालेल, कारण तिथे पट्ट्यावर ताण उरलेला नसतो. खालच्या टोकाला आडवी ओळ घालू नका. पट्ट्यावरचा सगळा भार तिथून आत येतो, आणि ओळीतली भोकं तिथे फाटण्याची रेघच आखून देतात. म्हणजे शिवण १६५ मिमीच्या आसपास. टाके ४ मिमी अंतरावर, इंचाला साधारण ६. टाके त्याहून बारीक घेतले तर चामडं चाळणी होऊन कमकुवत होतं.

दोरा शिवणीच्या पाचपट घ्या, इथे साधारण ८३ सेंमी. मधमाशीच्या मेणावरून दोन-तीनदा ओढा. दोन्ही टोकं पात्याने खरडून निमुळती करा आणि प्रत्येकी एक बोथट सुई ओवा. काम गुडघ्यांमधल्या लाकडी चिमट्यात धरा. चौकटच्या आकाराच्या पात्याची आरी दर वेळी त्याच तिरकस कोनात धरा आणि पृष्ठभागाला काटकोनात आत न्या. समोरची ओळ सुरेख आणि मागची नागमोडी आली तर आरी आडवी जाते आहे. मागे बुचाचा तुकडा टेकवून पाहा. डावी सुई आधी आत, दोरा थोडा ओढा, मग त्याच भोकातून उजवी सुई. उजवी घालताना आधीचा दोरा मागे ताणून धरा, नाहीतर सुई दोऱ्यालाच टोचते. खात्री करायला आवळण्यापूर्वी दोन्ही दोरे मागे-पुढे सरकवून पाहा. अडले तर टोचला आहे, सुई परत काढा. मग दोन्ही हातांनी सारख्याच जोराने आवळा. क्रम मध्येच बदलला की टाका उलटा तिरपा दिसतो. शेवटी तीन टाके उलटे घेऊन दोरा चामड्याच्या जवळ कापा. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा नुसते एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक झिजला की ओळ उसवत जाते. इथे दोन्ही टोकं प्रत्येक भोकातून गेलेली असतात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात.

गादी परत शिवली की पट्टा पूर्ण ताकदीने ओढून पाहा. पहिल्या काही स्वाऱ्यांत नवे पट्टे थोडे वाढतील. दहा मिनिटांनी उतरून तंग पुन्हा आवळा. पट्ट्यांना तेल अगदी थोडं, तेही मांसाच्या बाजूने. तेलात न्हाऊ घातलेला पट्टा मऊ पडतो आणि ताणतच राहतो. भिजलेलं खोगीर उन्हात किंवा शेकोटीजवळ सुकवू नका. ओलं चामडं उष्णतेने आकसून लाकडासारखं होतं आणि मग कोणतंही तेल ते परत आणत नाही.