रात्रीच्या रेडिओवर स्वतःची गाणी गायला येताय? या चुका टाळा

आमचा नाशिकचा रेडिओ कार्यक्रम रात्री अकरा ते एक. पाहुणा स्वतः लिहिलेली, स्वतः चाल बांधलेली गाणी घेऊन येतो, तीन-चार गाणी थेट प्रक्षेपणात गातो, मध्ये गप्पा होतात. गेली नऊ वर्षं निवेदन मी करतो आणि त्या वेळी स्टुडिओत दुसरं कोणी नसतं म्हणून कन्सोलही, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं यंत्र, मीच सांभाळतो. कॉलेज रोडच्या कॅफेत गाणारी पोरं येऊन गेली, पंचवटीतल्या भजनी मंडळातले काका येऊन गेले, सुरगाण्याकडच्या शिक्षिका येऊन गेल्या. सगळी गुणी माणसं, पण चुका त्याच त्या. त्यातल्या बऱ्याचशा आदल्या दिवशी घरीच टाळता येतात, म्हणून आता लिहूनच ठेवतो.

सगळ्यात आधी तारा. कार्यक्रमाच्या दिवशी गिटारला नव्या तारा चढवू नका. नवी तार चमकते, वाजते छान, पण ती अजून ताणून बसलेली नसते. वाजवाल तशी सैल पडते आणि सूर उतरतो. त्यात बाहेरच्या हवेतून गिटार एसीच्या खोलीत आली की स्टीलची तार आकसते, सूर थोडा चढतो. तुम्ही तो खाली आणून लावता, आणि गायला लागल्यावर हाताच्या उबेने तार पुन्हा उतरते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात सिन्नरहून एक मुलगा आला होता. तीस किलोमीटर मोटरसायकलवर, अंगात स्वेटर, पाठीला पातळ कव्हरातली गिटार. वडील एसटीत कंडक्टर. त्यांच्यावर त्याने गाणं लिहिलं होतं आणि तिकिटाच्या चिमट्याची टकटक तो नखांनी गिटारच्या लाकडावर वाजवायचा. साउंड चेकला ती टकटक ऐकली आणि मी फोनवर आलेली बाकीची कामं बाजूला ठेवली. इतकं नेमकं गाणं वर्षात एखादंच येतं. पण तारा त्याने त्याच संध्याकाळी मेन रोडवरून घेऊन चढवल्या होत्या. म्हणाला, ‘सर, रेडिओवर यायचं म्हणून नव्या टाकल्या.’

पहिलं गाणं निभावलं. दुसरं वडिलांचं. दुसऱ्या अंतऱ्यात वरून पाचवी तार उतरली, त्याच्या कानाला ती टोचली आणि तो थांबला. काही बोलला नाही. मान खाली घालून क्लिपच्या ट्यूनरचा काटा बघत खुंटी फिरवू लागला. मी तेव्हा दुसऱ्या स्क्रीनवर श्रोत्यांचे संदेश वाचत होतो. मला वाटलं, पुढच्या ओळीआधी दम घेतोय. आमच्या यंत्रणेत दहा सेकंद शांतता झाली की आपोआप स्टेशनची जिंगल आणि रिकामी जागा भरणारं संगीत सुरू होतं. प्रक्षेपण बंद पडलं असं समजून ती यंत्रणा तेच करते, तिचं कामच ते आहे. वडिलांच्या गाण्यावर जिंगल वाजली.

नंतर ते गाणं आम्ही पुन्हा घेतलं, पूर्ण घेतलं, छान झालं. पण त्याच्या वडिलांची पहाटे पाचची ड्यूटी होती. जिंगल वाजली म्हणजे गाणं संपलं असं समजून त्यांनी रेडिओ बंद केला आणि झोपले. मुलाला हे दुसऱ्या दिवशी कळलं, त्याने मला फोन केला. मला अजून ते लागतं.

म्हणून माझा नियम: तारा निदान दोन दिवस आधी बदला. प्रत्येक तार बोटाने हलकी ओढा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा ओढा, असं चार-पाच वेळा करा आणि मग दोन तास वाजवा. स्टुडिओत आल्यावर गिटार कव्हरातून काढून अर्धा तास उघडी ठेवा, मग सुरात लावा. मोबाइलवरचं ॲप दाखवून ‘सर, परफेक्ट आहे’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो की ॲपने या क्षणीचा सूर दाखवला, पाच मिनिटांनंतरचा नाही. आणि इतकं करूनही तार उतरलीच, तर बोला! ‘थांबा जरा, तार उतरली, लावून घेतो’ एवढं म्हणा आणि तार छेडत लावा. रात्री ऐकणाऱ्याला सूर लावण्याचा आवाज आवडतो. त्याला काहीच ऐकू आलं नाही की तो दुसरं स्टेशन लावतो.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. माइक उघडला की पाहुणा उभा राहिल्यासारखा ताठ होतो आणि म्हणतो, ‘तमाम नाशिककर रसिकांना माझा मनापासून नमस्कार!’ समोर कालिदास कलामंदिर भरलंय असं समजून बोलतो. पण रात्री साडेअकराला ऐकतं कोण? सातपूर-अंबडच्या वसाहतीत रात्रपाळीला बसलेला गेटवरचा माणूस. भाजीची गाडी भरून कसारा घाट उतरणारा ड्रायव्हर. वॉर्डात एक कान पेशंटकडे ठेवून बसलेली सिस्टर. दिंडोरी-निफाडकडे शेतीची लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात द्राक्षबागेला पाणी द्यायला उठलेला शेतकरी, मोटारीशेजारी मोबाइल खिशात ठेवून. यातला प्रत्येक जण एकटा असतो. तुम्ही त्याच्याशी गर्दीशी बोलल्यासारखं बोललात तर ते त्याच्यासाठी नाहीच.

मी काय करतो सांगतो. सव्वादहाला पाहुण्याला बोलावतो, चहा पाजतो आणि गाण्याबद्दल एक शब्दही विचारत नाही. कारण बाहेर एकदा सांगितलेली गोष्ट माइकवर दुसऱ्यांदा सांगताना शिळी होते. मग ट्यूबलाइट बंद करतो, टेबलावरचा एक दिवा ठेवतो. आणि सांगतो, या रात्री ऐकणाऱ्यांपैकी एक माणूस मनात धरा आणि त्याच्याशीच बोला.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे गाण्याआधी गाण्याचा अर्थ सांगणं. सुरगाण्याकडच्या एका शिक्षिका ताई तीन मिनिटांच्या गाण्यापूर्वी चार मिनिटं बोलल्या. स्त्रीचं जगणं, निसर्ग, समाज. सगळं पाठ करून आणलेलं. मी मध्येच विचारलं, ‘ताई, लिहिलंत कुठे बसून?’ त्या थबकल्या आणि म्हणाल्या, ‘शाळेत. पोषण आहाराची खिचडी शिजत होती, हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर.’ आवाजच बदलला त्यांचा. त्यानंतर जे गायल्या, त्यावर त्या रात्री सगळ्यात जास्त फोन आले. तुम्हाला खिचडी सांगता येत असेल तर अर्थ सांगू नका. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर स्वतः लिहीत आणि स्वतः गात गावोगाव फिरले. त्यांची गाणी लोकांच्या तोंडी बसली ती ऐकताक्षणी कळायची म्हणून.

माइकबद्दल थोडं. बोलताना तोंडापासून चार बोटं, मोठ्याने गाताना एक वीत. फार जवळ गेलात तर आवाज खालच्या बाजूला फुगतो, घुमतो. तोंडासमोर सरळ माइक धरलात तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला हवेचा ठोका बसतो, जरा तिरका ठेवा. गिटारचा माइक भोकासमोर ओढून घेऊ नका, तिथे नुसती घूं-घूं येते. मान आणि खोकं जुळतात तिकडे तो मी लावलेला असतो, तिथेच राहू द्या. आणि एकदा साउंड चेक झाला की खुर्ची सरकवू नका, ही माझी हात जोडून विनंती.

कागद वाजवू नका. एफएमवर आवाज जाण्याआधी त्यातलं हळू ते वर उचललं जातं आणि मोठं ते दाबलं जातं, म्हणून पानाची सळसळ घरी पत्रा हलवल्यासारखी पोचते. शब्द सुट्या पानांवर आणा, स्टेपल न करता. बांगड्या, किल्ल्या बाहेर.

मोबाइल फ्लाइट मोडवर. सायलेंट चालत नाही.

मान डोलावून ‘हो’ म्हणू नका, रेडिओला मान दिसत नाही.

पिकअपवाली (तारांचा आवाज थेट यंत्रात देणारी) गिटार असेल तर नऊ व्होल्टची नवी बॅटरी सोबत आणा. रात्री अकराला ती मिळणारं दुकान उघडं नसतं.

संध्याकाळी मिसळ खाऊन येऊ नका. मलाही ती आवडते, पण सात वाजताची तर्री अकराला गळ्यात येते. आणि दुपारी काळी चारच्या पट्टीत बसणारं गाणं थंडीच्या रात्री चढं वाटलं तर हट्ट करू नका, कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) एक घर खाली घ्या.

मी तुमचं नाव दर दहा मिनिटांनी पुन्हा घेतो, त्याने संकोचू नका. कोणीतरी आत्ताच रेडिओ लावलेला असतो.

आणखी एक गोष्ट, कारण ती नाशिकमध्ये फार होते. कुसुमाग्रजांच्या कवितेला चाल लावली की गाणं आपलं झालं असं बऱ्याच मुलांना वाटतं. चाल तुमची, शब्द नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागते. ज्ञानेश्वर, तुकाराम हवे तेवढे गा. परवानगी मागायला कंटाळा येतो म्हणून ‘रात्रीचं कोण ऐकतंय’ म्हणणाऱ्याला मी माइकसमोर बसवत नाही. ज्याला दुसऱ्याच्या शब्दांची कदर नाही, त्याने स्वतःच्या शब्दांना कदर मिळण्याची अपेक्षा कशी करायची?

शेवटची कॉर्ड वाजल्यावर लगेच तारांवर हात ठेवून ‘झालं’ म्हणू नका. ती पूर्ण विरू द्या, श्वाससुद्धा हळू घ्या. मी फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली आणतो, दारावरचा लाल दिवा विझतो, मग बोला.