पणजीत सायकलने कामावर जायचं असेल तर

सायकलने कामावर जायचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "एवढ्या लांब कोण जाणार?" आणि प्रश्न बहुतेकदा लांबीचा नसतोच. मिरामारहून पाटोपर्यंत चारेक किलोमीटर, ताळगावातून शहरात साधारण तेवढंच, रायबंदरहून पाचेक. ताशी 15 किलोमीटरच्या आरामशीर वेगाने चार किलोमीटरला 16 मिनिटं लागतात. मळा भागातल्या अरुंद गल्ल्यांत गाडी लावायला जागा शोधणारा माणूस तेवढा वेळ नुसता घिरट्या घालण्यात घालवतो. गोव्यात सायकलवाल्याला दमवतात त्या तीन गोष्टी: घाम, पाऊस आणि खारी हवा. त्यांची तजवीज आधी केली तर सायकल वर्षभर चालते. नाहीतर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती जिन्याखाली जाते आणि गणपतीला बाहेर काढावी तर चेन लालभडक झालेली असते.

फायद्याचं म्हणाल तर आधी पैशाचा हिशोब खरा सांगू. रोज जाऊन-येऊन 8 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 200 किलोमीटर. स्कूटर लिटरला 40 देत असेल तर वाचलं 5 लिटर पेट्रोल. एवढ्यासाठी कोणी सायकल घेत नाही. मोठा लाभ दुसरा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. 16 मिनिटं, दिवसातून दोनदा, पाच दिवस: 160 मिनिटं. वेगळा वेळ न काढता काम झालं. शिवाय स्कूटरवरून न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. कुठल्या भट्टीतून पोई (गोव्याचा पाव) बाहेर पडतेय याचा वास येतो, मासे चांगले दिसले तर जागेवर पाय टेकून भाव विचारता येतो.

रस्ता आधी, सायकल नंतर

रोजचा स्कूटरचा रस्ता सायकलला चांगला असेलच असं नाही. रविवारी सकाळी एकदा पूर्ण रस्ता सायकलने जाऊन बघा. चढण किती, सावली कुठे आहे, उघडं गटार कुठे, कुत्र्यांचा अड्डा कुठे. आल्तिनो टेकडीवरून दोनशे मीटर वाचत असले तर ते वाचवू नका, तिला वळसा घालून कांपालकडून सपाटीने या. पणजी ते रायबंदर हा रस्ता तर सायकलीसाठीच बांधल्यासारखा आहे. सतराव्या शतकातला पोंत द लिन्यारिश हा पूल-रस्ता, सुमारे 3 किलोमीटर, चढ नावालाही नाही, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खारफुटी नि मिठागरं. अरुंद आहे आणि बसगाड्या वेगात येतात, हे मात्र धरून चला.

पर्वरी-बेतीकडून येणाऱ्यांसाठी 2019 मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूचा विचारच नको, तिथे दुचाकींना मज्जाव आहे. जुन्या पुलांवर वेगाची गर्दी असते. बेती-पणजी फेरीबोट हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग. फेरीत चढताना सायकलवर बसून जाऊ नका. ओहोटीला धक्क्याचा उतार ओला नि शेवाळलेला असतो, त्यात फेरीचा लोखंडी पत्रा. उतरा, दोन्ही ब्रेक हलके दाबून सायकल हातात धरून न्या.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: वारा. सकाळी हवा जवळजवळ थांबलेली असते, दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे वाहते. त्यामुळे संध्याकाळी पाटोकडून किनाऱ्यावरच्या मिरामारला जाणाऱ्याला वारा समोरून लागतो. एक गिअर हलका ठेवा आणि चार मिनिटं जास्त धरा. जोर लावून उपयोग नाही, वाऱ्याचा विरोध वेगापेक्षा फार झपाट्याने वाढतो.

सायकल कशी हवी

पुढच्या चाकाला स्प्रिंगवाला फोर्क असलेली स्वस्त सायकल टाळा. तो फोर्क दोन पावसाळ्यांत आतून गंजून कडक होतो आणि मग दोन किलोचं ओझं तेवढं उरतं. साधा फोर्क, मागे कॅरिअर, पूर्ण लांबीची मडगार्ड, 35 ते 45 मिलिमीटर रुंद टायर. गाव सपाट असेल तर बिनगिअरची सायकलसुद्धा पुरते. पोदेराची (पाववाल्याची) सायकल बघा: 28 इंची चाकं, जाड स्टँड, मागे पावाची भली मोठी टोपली, हँडलला रबरी भोंगा. पहाटे अर्धा गाव फिरते ती, एकाही गिअरशिवाय. चढण असेल तर पुढचं सर्वांत लहान चक्र आणि मागचं सर्वांत मोठं यांचे दाते जवळपास सारखे असावेत, उदाहरणार्थ 28 आणि 28. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. एवढ्यावर शहरातली जवळपास कुठलीही चढण बसल्या बसल्या निघते. गिअर चढणीच्या पायथ्याशी बदला. मध्यावर जोर लावून बदललात की कडाड् आवाज येतो आणि चेन उतरते.

सीटची उंची बहुतेकांची चुकलेली असते, आणि नेहमी खालीच. सीटवर बसा, पेडल तळाला आणा, त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पायाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक उरतो. सीट खाली राहिली तर आठवडाभरात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं आणि दोष सायकलिंगला जातो.

घामाचं काय करायचं

सायकल चालवताना वाऱ्यावर घाम वाळत जातो. थांबलात की वारा थांबतो आणि पुढची पाच मिनिटं धारा लागतात. ऑफिसात घामाघूम होऊन शिरण्याचं कारण बहुधा हेच. म्हणून शेवटचे 500 मीटर अगदी रमतगमत चालवा आणि कामाच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा. ती दहा मिनिटं पंख्याखाली उभं राहायची. मग ओल्या नॅपकिनने मान, काखा, पाठ पुसून शर्ट बदला. शर्ट पोहोचल्या पोहोचल्या बदलला तर तोही भिजतो.

पाठीवर सॅक नको. सॅकखालची पाठ वाळतच नाही, शर्टवर चौकोन उमटतो. सामान कॅरिअरवर, बाजूच्या पिशवीत. सोमवारी आठवड्याचे शर्ट गुंडाळी करून नेऊन ठेवले तर रोजची इस्त्रीची कटकट वाचते. मार्च ते मे निघायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणा, फरक शर्टाच्या कॉलरला कळतो.

चेन, मीठ आणि जांभ्याची माती

गोव्यात सायकलची देखभाल म्हणजे मुख्यतः हेच. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही किनाऱ्याजवळची सायकल गंजते. त्यात जांभ्याची लाल माती. ती तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी काम करते आणि चेन नि चक्रं दोन्ही खाते.

दर 150-200 किलोमीटरनंतर, पावसाळ्यात भिजल्याच्या दिवशीच, चेन अशी करा. जुन्या टूथब्रशने माती झटका. डिझेलने ओलसर केलेल्या फडक्यात चेन धरून पेडल उलटं फिरवा, फडकं काळं येईनासं होईपर्यंत. कोरड्या फडक्याने पुसा, वाळू द्या. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब तेल. साधारण 110-115 कड्या असतात, म्हणजे सगळं मिळून पाचेक मिलिलिटर. पेडल वीस वेळा उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि आता बाहेरचं तेल पुन्हा पुसून काढा. ही शेवटची पायरी लोक गाळतात. तेल लागतं ते पिन आणि रोलरच्या मध्ये, बाहेरचं तेल फक्त माती गोळा करतं. शिवणयंत्राचं तेल उन्हाळ्यात चालून जातं, पण पहिल्याच सरीत धुऊन निघतं. पावसाळ्यासाठी सायकलच्या दुकानातलं घट्ट 'वेट' तेल घ्या. ग्रीस चेनला कधीच नाही.

चेन झिजली की नाही हे साध्या स्टीलच्या पट्टीवर कळतं. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटर गेली असेल तर मागची चक्रंही गेलीच समजा, नवी चेन त्यांच्यावर घसरेल.

ग्रीस लागतं ते तीन ठिकाणी, वर्षातून एकदा, मे महिन्यात: सीटचा दांडा, पेडलचे आटे आणि स्टँडचा खिळा. दांड्याला ग्रीस नसेल तर खाऱ्या हवेत तो फ्रेममध्ये असा बसतो की मेकॅनिकलाही हार मानावी लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाठ करायची गरज नाही: पाना पेडलवर उभा लावा आणि मागच्या चाकाकडे ढकला, दोन्ही पेडल सैल होतात. धुताना मगाने गोडं पाणी ओता. स्कूटर धुतात तो जोराचा पाइप वापरलात तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस बाहेर येतं.

ब्रेक लावताना खर्र आवाज आला तर त्याच संध्याकाळी ब्रेक शू काढून बघा. रबरात लाल खडे आणि रिमचे चमकते कण रुतलेले दिसतील. सुईने एकेक उचकटून काढा, रबर पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासा. दुर्लक्ष केलंत तर चाळीस-पन्नास रुपयांचा शू हजाराची रिम खाऊन टाकतो.

पंक्चर

दर सोमवारी हवा तपासा. 35 मिलिमीटरच्या टायरला साधारण 50 ते 65 पीएसआय, जाड 26 इंचीला 35 ते 50. कमाल आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. जाड वॉल (हवा भरायची तोटी) असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण छोट्या फुंकरींनी, ट्यूब चटकन फुगते.

पंक्चर काढताना भोक कुठे आहे ते आधी वाचा. दोन भोकं शेजारी शेजारी: हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. भोक आतल्या, रिमच्या बाजूला: रिमटेप सरकली आहे. वॉलच्या मुळाशी फाटली: कमी हवेमुळे ट्यूब आत सरकत होती, ती बदलावीच लागेल. बाहेरच्या बाजूला एकच भोक: काच किंवा काटा, आणि तो अजून टायरमध्येच आहे. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, जिथे अडकेल तिथे काच. हे न करता ट्यूब घातलीत तर पुढच्या चौकात पुन्हा हीच कसरत.

पॅचपेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन पातळ लावा आणि चकाकी जाईपर्यंत, तीन ते पाच मिनिटं, हात बांधून बसा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच संध्याकाळपर्यंत सुटतो. एकदा उघडलेली सोल्युशनची ट्यूब इथल्या उष्म्यात लवकर वाळून जाते. म्हणून जवळ एक नवी ट्यूबही ठेवा. ट्यूब घालण्याआधी तिच्यात जराशी हवा भरा, टायर वॉलच्या समोरून बसवत या, शेवट वॉलपाशी करा, आणि शेवटचा भाग अंगठ्यांनीच बसवा. लिव्हरने बसवताना नवी ट्यूब चिमटली जाते.

पावसाळा

वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ओल्या रिमवर ब्रेकचे पहिले एक-दोन फेरे फक्त पाणी पुसण्यात जातात, पकड त्यानंतर येते. त्यामुळे थांबायला दुप्पट अंतर धरा आणि उतारावर ब्रेक आधीपासून हलका टेकवून ठेवा. पांढरे पट्टे, गुळगुळीत पेवर, गटाराच्या जाळ्या: यांवरून सायकल सरळ न्या, वळू नका, ब्रेक लावू नका. टायरमधली हवा पाचेक पीएसआय कमी केली की पकड जरा सुधारते.

भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की 18 जून रस्त्यासारख्या सखल भागात पाणी तुंबतं. तळ दिसत नसेल तर उतरून कडेने चाला, झाकण उघडं आहे की बंद हे पाण्यावरून कळत नाही. रात्री कोरड्या डांबरावर गुरं बसलेली असतात, काळी म्हैस मिणमिणत्या दिव्यात दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, दोन्ही पाऊसभर दिवसाही चालू ठेवा. लांब पॉन्चो वाऱ्यात शिडासारखा फुगतो, त्यापेक्षा कमरेपर्यंतचा रेनकोट आणि खाली अर्धी पँट बरी. ऑफिसचे कपडे दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीचं तोंड खाली, दुसरीचं वर.

बूट मात्र भिजणारच. रात्री वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवले तरी जुलैच्या हवेत सकाळी ओलसरच निघतात. जून ते सप्टेंबर मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला आणि बुटांचा जोड ऑफिसातच टेबलाखाली राहू द्या.