होळीआधी भाजी, मृगानंतर झाड

थंडी ओसरली की रस्त्याकडेला रोपवाल्यांचे टेम्पो उभे राहायला लागतात. आंबा, चिकू, पेरू, लिंबू, शिवाय गुलाब-मोगरा. लोक हौसेनं घेतात. मीही घेतलं होतं. गुढीपाडव्याचा मुहूर्त साधून केसर आंब्याचं कलम परसात लावलं आणि रोज सकाळी बादलीभर पाणी घातलं. वैशाखात पानं कडेनं करपली, मग मिटली, आणि पहिला वळीव पडला तेव्हा जागेवर नुसती काडी उभी होती. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अहो, लावायच्या आधी विचारायचं तरी! या दिवसांत खड्डा खणतात, झाड नाही लावत."

पुढच्या सगळ्या सल्ल्याचा गाभा काकूंचं हे वाक्यच आहे. हिमाचल-काश्मीरकडे हिवाळा सरता सरता फळझाडं लावतात, कारण पुढचा उन्हाळा तिथं झाडाला मानवतो. आपल्याकडे वसंताच्या पाठोपाठ चाळीस अंशांचं ऊन येतं. नुकत्याच लावलेल्या कलमाची मुळं पिशवीएवढ्या मातीत असतात, तेवढ्या मुळांवर वैशाख निघत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये भाजी लावायची, एप्रिल-मेमध्ये खड्डे तापवायचे आणि झाड पावसावर लावायचं.

भाजीचा मुहूर्त

उन्हाळी भाजीचं बी जानेवारीच्या अखेरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जमिनीत गेलेलं बरं. फार तर होळीपर्यंत ताणा. जानेवारीच्या कडक थंडीत भेंडी, कारली उगवायला रखडतात आणि उशीर केला तर ऐन फुलाच्या वेळी उन्हाचा कडाका गाठतो. विदर्भ-मराठवाड्यात ऊन लवकर चढतं, तिथं फेब्रुवारीचा मध्य ओलांडू नये. कोकणात हवा दमट, पण जमीन पाणी धरत नाही. तिथं वेळेपेक्षा पाण्याची सोय आधी बघावी लागते.

जागा किती हवी? एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चार-पाच माणसांच्या घराला त्याच्या निम्म्यात रोजची बरीचशी भाजी निघते, फक्त रोज अर्धा तास तिथं कुणीतरी फिरकलं पाहिजे. निम्मा दिवस तरी ऊन मिळेल अशी जागा निवडा. पश्चिमेकडून दुपारनंतर थोडी सावली असेल तर उत्तमच. नसेल तर त्या बाजूला मक्याच्या दोन ओळी दाट टोका. ऊन अडतं, गरम वारा अडतो आणि कणसंही मिळतात.

आता वाफ्याचं. मोबाइलवरच्या व्हिडिओंत सगळीकडे उंच गादीवाफे दिसतात. पावसाळ्यात ते बरोबर आहेत, उन्हाळ्यात नाहीत. गादीवाफा चहूबाजूंनी वाळतो. या हंगामात सपाट वाफाच करावा, भोवती वीतभर उंचीचा बांध घालावा, म्हणजे दिलेलं पाणी आतच मुरतं. रुंदी एक मीटरपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर खुरपायला वाफ्यात पाय द्यावा लागतो आणि माती दबते.

तीन मीटर लांबीच्या अशा वाफ्याला घमेलंभर शेणखत लागतं. पण ते कुजलेलं हवं. हातात घेतलं तर वास नको, ऊब नको, शेणाचा पो ओळखू येता कामा नये. कच्च्या खताबरोबर हुमणी येते, वाळवी येते आणि रोपं मुळाशी कुरतडली जातात. सोबत दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. मग वाफा भिजवा आणि वाफशाची वाट बघा. मूठभर माती दाबून बघायची. गोळा झाला पाहिजे आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला की फुटला पाहिजे. चिकटून राहिला तर अजून एक दिवस थांबा.

काय लावायचं

उन्हाळ्याचा खरा आधार भेंडी, गवार, चवळी आणि वेलभाज्या. भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या. दोन्ही केवड्याला, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला, बऱ्यापैकी दाद देत नाहीत आणि सरळ वाण असल्यानं घरचं बी धरता येतं. त्यासाठी एका निरोगी झाडावरच्या दोन-तीन शेंगा न तोडता वाळू द्यायच्या. संकरित पाकिटातल्या भेंडीचं बी मात्र धरू नका, पुढच्या वर्षी झाडागणिक वेगळी भेंडी निघते.

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यावर पसरा. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचं असेल तर ते औषध लावलेलं आहे. ते भिजवायचं नाही, स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही, टोकून झालं की हात साबणानं धुवायचे. दोन ओळींत फूटभर, दोन झाडांत वीतभर अंतर आणि खोली बोटाच्या एका पेराएवढी. एका जागी दोन बिया टाका, उगवल्यावर कमजोर रोप उपटा. सगळं बी एकदम टोकू नका. निम्मं आज, निम्मं पंधरा-वीस दिवसांनी. नाहीतर एका आठवड्यात शेजारीपाजारी वाटत फिरायचं आणि पुढच्या महिन्यात बाजारातून विकत आणायची, असं होतं. भेंडी साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांत सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. तीन दिवस गावाला जाऊन आलात तर ती सुरीला ऐकत नाही.

गवारीला फार लाड लागत नाहीत. पुसा नवबहार लावा, पाणी बेतानं द्या. जास्त पाण्यावर ती नुसती पाल्यानं माजते.

वेलांमध्ये काकडी, दोडका, कारलं, दुधी. घरापुरते प्रत्येकी दोन-तीन वेल खूप झाले. दीड-दोन फूट व्यासाचं आळं करायचं, त्यात कुजलेलं खत मिसळायचं आणि तीन-चार बिया टोकायच्या. कारल्याचं कवच जाड असतं, ते चोवीस तास भिजवा. काकडीत हिमांगी, दोडक्यात फुले सुचेता, कारल्यात फुले ग्रीन गोल्ड हे राहुरी कृषी विद्यापीठाचे वाण देशावर चांगले येतात. कोकणात दापोलीच्या विद्यापीठाचा कोकण हरिता दोडका, कोकण तारा कारलं बघा. मांडव बी टोकायच्या दिवशीच उभा करा. वेल जमिनीवर पसरल्यावर उचलायला गेलं की शेंडे मोडतात.

वेलाला फुलं लागतात आणि गळतात, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. आधी येतात ती नर फुलं, ती गळणारच. मादी फुलाच्या मागं इवलंसं फळ असतं, त्यावरून ती ओळखू येते. ते फळ पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन होत नाही असं समजा. काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात, पण दोडका आणि दुधी संध्याकाळी. दिवेलागणीला बागेत जा, ताजं नर फूल खुडा, पाकळ्या मागे मुडपा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे.

टोमॅटोचा या हंगामात फार हट्ट धरू नका. पारा अडतीसच्या वर गेला की फूल गळतं. मिरचीची आठ-दहा रोपं मात्र फेब्रुवारीत लावून टाका. पालेभाज्यांत माठ, राजगिरा, चुका, अंबाडी चालतात. मेथी उन्हात चरबट होते. कोथिंबिरीसाठी धने चपलेखाली रगडून दोन डाळी करा आणि दोडक्याच्या मांडवाखाली पेरा. तिथल्या सावलीत ती जरा उशिरा फुलावर येते.

पाणी आणि किडी

पाणी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर द्या. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोल मुरेल असं दिलेलं चांगलं, हलक्या जमिनीत एक दिवसाआड. त्याहून मोठं काम आच्छादनाचं. उसाचं पाचट, भाताचा पेंढा, वाळका पाला, जे मिळेल ते दोन-तीन बोटं जाडीनं पसरा, खोडाभोवती मात्र थोडी जागा मोकळी ठेवा. मोरीचं साबणाचं पाणी भाजीला नको. त्या उताराला केळ आणि अळू लावायची जुनी पद्धत आहे, ती तशीच ठेवावी.

वेल दोन-चार पानांवर असतानाच तांबडे भुंगेरे येतात आणि पानांची चाळण करतात. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पानांवर दव असताना चाळलेली राख भुरभुरवली तर आणखी बरं. भेंडीवर पांढरी माशी बसते आणि केवडा पसरवते. पानाच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसलं की जीव घट्ट करून उपटायचं, औषधानं ते बरं होत नाही. बाकीच्यांवर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. घरापुरत्या एक लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून पिळून, चिमूटभर साबणचुरा घालायचा. संध्याकाळी फवारायचा, उन्हात त्याचा असर टिकत नाही. कारली-दोडकी वाकडी होऊन आत अळ्या निघाल्या तर ती फळमाशी. क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचा सापळा मांडवाला टांगा आणि किडकी फळं तिथंच टाकू नका, खोल पुरा.

खड्डे

अक्षय्य तृतीयेला आळी घालायची रीत आपल्याकडे आहेच. त्याच सुमाराला, किंवा आधी पंधरा दिवस, फळझाडांचे खड्डे घ्या. आंबा, चिकू, नारळाला एक मीटर लांब, रुंद, खोल. पेरू, लिंबू, सीताफळ, डाळिंबाला साठ सेंटीमीटर. खणताना वरची काळी माती एका बाजूला, खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरचीच माती वापरायची असते. मग खड्डा महिनाभर उन्हात तापू द्या. मातीतल्या किडींचे कोष, बुरशी, तणांची मुळं त्यात बरीचशी मरतात.

एक चाचणी जरूर करा. खड्डा काठोकाठ पाण्यानं भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच साचलेलं असेल तर तिथं लिंबू, डाळिंब, पपई लावू नका. पपई तर दोन दिवस पाण्यात उभी राहिली तरी बसते.

अंतराच्या बाबतीत लोक रोपाकडे बघून फसतात. दोन फुटी कलम पुढं छपरावर जातं. छाटणी करणार असाल तर आंब्याला पाच मीटर पुरे, लिंबाला चार-पाच मीटर. भिंतीपासून, शोषखड्ड्यापासून लांबच. आणि शेवगा कौलांच्या अंगाला कधीही नको. त्याची फांदी वाऱ्याला फार ठिसूळ.

रोहिणी निघाल्या की, म्हणजे मेच्या अखेरीस, खड्डे भरून घ्या. तळाशी वाळका पाला, वर माती, दोन-तीन घमेली शेणखत, मोठ्या खड्ड्याला किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट, दोन किलो निंबोळी पेंड. जमिनीच्या वर वीतभर उंच भरा, पहिल्या पावसात माती खाली बसतेच.

पपईला या वेळापत्रकातून सूट आहे. पाणी खात्रीचं असेल तर ती फेब्रुवारी-मार्चमध्येही लावता येते. आळं दुहेरी करा, म्हणजे पाणी बाहेरच्या चरात राहतं आणि खोडाला लागत नाही.

कलम घेताना

कलम टेम्पोवरून घेऊ नका. कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतून घ्या आणि पावती मागा. मागणी असते, म्हणून नोंदणी आत्ताच करून ठेवा. देशावर केसर, कोकणात हापूस. चिकू कालीपत्ती, तोही खिरणीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर बांधलेला. पेरू सरदार. याला लखनौ-४९ म्हणतात, पण तो निवडला गेला आपल्या पुण्यात, गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात.

फार उंच, लुसलुशीत कलमाला भुलू नका. दीड-दोन फुटांचं, जून हिरव्या पानांचं, खुंट आणि वरची फांदी जोडलेला सांधा गच्च जुळलेलं कलम प्रवास सोसतं. आणून आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. मृगाचा एक सडाका आला म्हणून धावू नका, जमीन दोन विती भिजू द्या. मग ढगाळ संध्याकाळ बघून पिशवी बाजूनं ब्लेडनं चिरा. मातीचा गोळा फुटू देऊ नका. तळाशी मुळं वेटोळं करून बसली असतील तर तेवढीच कापा. सांधा मातीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे. बांबूची काठी रोवून सुतळीचा सैल फास द्या.

आणि सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी सोडा. आमच्या दुसऱ्या कलमाची ती राहून गेली. खोड जाड होत गेलं, पट्टी आत रुतली आणि दोन वर्षांनी एका वादळात झाड नेमकं तिथंच मोडलं. सांध्याखालून फुटणारी फूटही दर महिन्याला खुडत राहा. ती खुंटाची असते, वाढली की वरचं केसर मागं पडतं.

कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर येतो. तो तीन वर्षं खुडून टाकायचा, झाडाला आधी अंग धरू द्यायचं. आमच्या घरी हे काम माझ्या हातून होत नाही. त्या दिवशी कुंपणापलीकडच्या काकूंना चहाला बोलावतो.