प्रायमरीत मागे पडलेल्या उमेदवाराने माघार कधी घ्यावी? या चुका टाळा

दर चार वर्षांनी अमेरिकेत प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या निवडणुकांचा हंगाम आला, की आमच्या मित्रमंडळींत तोच संवाद सुरू होतो. "याला चार टक्केसुद्धा नाहीत, हा घरी का जात नाही?" असं विचारणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. पण प्रचारात काम करणारी मंडळीही जेव्हा असंच बोलतात, तेव्हा गप्प बसवत नाही.

टक्के बघून निकाल लावणं

२०२० मध्ये जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. टक्केच बघायचे तर त्यांनी फेब्रुवारीतच गाशा गुंडाळायला हवा होता. त्यांच्या प्रतिस्पर्धी एमी क्लोबुचर न्यू हॅम्पशायरमध्ये तिसऱ्या, म्हणजे बायडन यांच्या बऱ्याच पुढे. फरक एवढाच की बायडन यांच्यापुढे साउथ कॅरोलायना होतं आणि तिथले कृष्णवर्णीय मतदार त्यांच्या बाजूने होते. क्लोबुचर यांच्यापुढे स्वतःचं मिनेसोटा सोडलं तर भरवशाचं राज्य नव्हतं. म्हणून "किती मागे आहे?" हे मी विचारतच नाही. "पुढचं कोणतं राज्य याचं आहे?" एवढंच विचारतो. नाव सांगता आलं नाही, तर बोलणं संपलं.

रोनाल्ड रेगन १९७६ मध्ये सुरुवातीच्या प्रायमऱ्या एकामागून एक हरत होते. प्रचार कर्जात होता आणि पक्षातले लोक थांबा म्हणत होते. २३ मार्चला त्यांनी नॉर्थ कॅरोलायना जिंकलं आणि लढत कॅन्सस सिटीच्या पक्ष अधिवेशनापर्यंत नेली. तिथे ते हरले, पण चार वर्षांनी उमेदवारी त्यांचीच होती.

नियमावली न उघडणं

डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, मिळत नाहीत. रिपब्लिकन पक्षात प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. २०१६ मध्ये टेक्सासची रेघ २० टक्क्यांवर होती आणि मार्को रुबिओ १८ च्या आसपास अडकले, त्यामुळे राज्यपातळीवरच्या वाटपात हाती शून्य. नवी मुलं दिवसभर सर्वेक्षणांचे आकडे रिफ्रेश करतात, पण राज्य पक्षाची नियमावली वाच म्हटलं की त्यांना झोप येते. डेलिगेट मोजून देणाऱ्या वेबसाइटही वापरू नका असं माझं मत. पेन घ्या, हाताने मोजा. उंबरठा कुठे आहे ते तेव्हाच डोक्यात बसतं.

"आधी तू जा, मग मी बघतो"

माझी सगळ्यात नावडती चूक ही, आणि तिचं संपूर्ण प्रात्यक्षिक २०१६ च्या रिपब्लिकन प्रायमरीत झालं. डोनाल्ड ट्रम्प यांना थांबवायचं यावर अर्धा पक्ष एकमत होता. त्यासाठी कोणी बाजूला व्हायचं, यावर मात्र एकमत नव्हतं. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना एक तृतीयांशाहूनही थोडी कमीच मतं पडली, पण राज्यातले सगळे ५० डेलिगेट त्यांचे झाले, कारण बाकीची मतं पाच जणांत विखुरली होती. जेब बुश त्याच रात्री थांबले. उरलेल्यांपैकी प्रत्येकाचा हिशेब एकच: दुसरा गेला की त्याची मतं माझी.

मार्चच्या मध्यावर रुबिओ यांच्या गोटाने एक शहाणपणाची गोष्ट केली. ओहायोत ट्रम्प नको असतील तर तिथल्या आपल्या समर्थकांनी जॉन केसिक यांना मत द्यावं, असं त्यांनी उघड सांगितलं. केसिक यांच्या गोटाने फ्लोरिडात परतफेड करायला साफ नकार दिला. रुबिओ फ्लोरिडा हरले आणि बाहेर पडले. केसिक यांनी ओहायो जिंकलं. ते त्यांचं स्वतःचं राज्य होतं, आणि त्यांनी जिंकलेलं एकमेव राज्यही तेच.

इथे थांबायला हवं होतं. उरलेली सगळी राज्यं जिंकूनही बहुमताचा १,२३७ डेलिगेटांचा आकडा गाठता येणार नव्हता, पण केसिक थांबले नाहीत. एप्रिलच्या शेवटी टेड क्रूझ आणि त्यांच्यात समझोता झाला: इंडियाना क्रूझ यांना मोकळं, ओरेगन आणि न्यू मेक्सिको केसिक यांना. दुसऱ्याच दिवशी केसिक पत्रकारांना म्हणाले, की इंडियानातल्या माझ्या लोकांनी मत मलाच द्यावं! अशा समझोत्यापेक्षा नसलेला बरा. ३ मे रोजी इंडियानात ट्रम्प यांनी निम्म्याहून जास्त मतं घेतली. क्रूझ त्या रात्री गेले, केसिक दुसऱ्या दिवशी. निम्म्याहून जास्त मतं म्हणजे तोवर एकजुटीचाही उपयोग उरला नव्हता. ती हवी होती फेब्रुवारीत.

मतपत्रिका घरोघरी पोचल्यावर जाग येणं

आपल्याकडे अर्ज मागे घ्यायला एक ठरलेला दिवस असतो, दुपारी तीनला विषय संपतो. २०२४ च्या विधानसभेला ४ नोव्हेंबरपर्यंत बंडखोरांची कशी मनधरणी चालली होती, आठवत असेल. अमेरिकेच्या प्रायमरीत सगळ्या राज्यांसाठी अशी एक मुदत नाही. उमेदवार बाहेर पडतो तेव्हा त्याचं नाव छापलेल्या मतपत्रिका टपालाने कधीच गेलेल्या असतात, काही भरून परतही आलेल्या असतात.

एका प्रचारात मी फोनवर बसत असे. राज्य टपाली मतदानाचं, हातातला कागद ठरलेला: "मतपत्रिका आली ना? मग आजच भरून पाठवा." कार्यालयातल्या वरच्या माणसांना तेव्हा माहीत होतं, की पुढच्या पगाराला पैसे नाहीत. तरी फोन चालूच ठेवले. मतदानाला थोडेच दिवस उरले असताना उमेदवाराने माघार जाहीर केली आणि ओळखीच्या एका काकूंचा मला फोन आला. नागरिकत्व मिळाल्यावरचं त्यांचं पहिलंच मतदान.

"अरे, तूच म्हणालास ना, आजच पाठवा? मी लगेच पेटीत टाकून आले. आता ते परत मागवता येतं का रे?"

त्या राज्यात येत नव्हतं.

हे काकूंपुरतंच नाही. २०१६ मध्ये रुबिओ बाहेर पडल्यावर आठवड्याने ॲरिझोनात मतदान झालं. मोजणी संपली तेव्हा घरी बसलेले रुबिओ, रिंगणात असलेल्या केसिक यांच्या पुढे होते.

म्हणूनच २०२० मधल्या पीट बुटेजेज आणि क्लोबुचर यांच्या माघारीचं मी अर्धंच कौतुक करतो. साउथ कॅरोलायनानंतर दोन दिवसांत दोघे थांबले, डॅलसला जाऊन बायडन यांना पाठिंबा दिला आणि सुपर ट्यूजडेला, म्हणजे अनेक राज्यांत एकदम मतदान होतं त्या मंगळवारी, बायडन यांनी १४ पैकी १० राज्यं घेतली, मिनेसोटासकट. पण कॅलिफोर्नियात मतपत्रिका महिनाभर आधीच गेल्या होत्या. तिथे बुटेजेज यांना माघारीनंतरही दोन लाखांहून जास्त मतं पडली.

माझी सवय सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी मतदानाची तारीख लिहीतच नाही. मोठ्या राज्यांच्या मतपत्रिका टपालात पडण्याची तारीख लाल पेनाने लिहितो. उमेदवाराने निर्णय घ्यायचा तो त्याच्या आत.

बाकीच्या, थोडक्यात

शेवटपर्यंत लढलं की पक्ष बुडतो, हा सरसकट नियम नाही. हिलरी क्लिंटन २००८ मध्ये जूनपर्यंत लढल्या, तरी नोव्हेंबरात ओबामा जिंकले.

घरच्या राज्यात हरायची वाट बघू नका. एलिझाबेथ वॉरन मॅसॅच्युसेट्समध्ये तिसऱ्या आल्या आणि मग थांबल्या.

उपाध्यक्षपदाच्या आशेवर टिकून राहणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही.

पैसा आहे म्हणून थांबायची गरज नाही, हा भ्रम. मायकल ब्लूमबर्ग यांनी ५० कोटी डॉलरहून जास्त उडवले आणि जिंकलं काय, तर अमेरिकन सामोआ हा बेटांचा चिमुकला प्रदेश.

"प्रचार स्थगित" या घोषणेवर चिडू नका. डेलिगेट हातात ठेवायला आणि कर्ज फेडण्यासाठी देणग्या गोळा करायला ती सोय आहे. त्याने मतपत्रिकेवरचं नाव पुसलं जात नाही. रिपब्लिकन प्रायमरीतल्या निक्की हेली ६ मार्च २०२४ ला थांबल्या, तरी २३ एप्रिलला पेनसिल्व्हेनियात त्यांना दीड लाखांहून जास्त मतं मिळाली.

आणि फोनवर बसलेल्या पोरांना माघारीची बातमी टीव्हीवरून कळू देऊ नका. आधी त्यांच्या हातातला तो कागद काढून घ्या.