अ‍ॅक्रिलिकच्या फिशटँकला भोक कसं पाडावं

अ‍ॅक्रिलिक काचेसारखं हातातच फुटत नाही, त्यामुळे लोक बिनधास्त ड्रिल लावतात. तडा जातो तो नंतर, टाकी भरल्यावर. कधी कधी काही आठवडे उलटल्यावर. त्याचं मूळ बहुधा भोकाच्या कडेला उडालेल्या टवक्यात किंवा ड्रिलच्या उष्णतेने शीटमध्ये राहिलेल्या ताणात असतं.

आधी टँक निपल (भोकात बसवून पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा; एका टोकाला रुंद चकती, दुसरीकडून नट) विकत आणा, मग भोकाचं माप ठरवा. ‘एक इंची’ हे माप पाइपचं असतं. निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास त्याहून बराच मोठा आणि कंपनीगणिक वेगळा. तो व्हर्नियरने मोजा आणि भोक १ ते २ मिमी मोठं ठेवा. निपल दाबून बसवावं लागत असेल तर भोक लहान आहे. भोकाच्या कडेपासून शीटच्या कडेपर्यंत किंवा जोडापर्यंत निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर सोडा.

हत्यार म्हणजे बारीक दातांचा, धारदार बाय-मेटल (दोन धातूंचा) होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची वाटीसारखी गोल करवत, जिच्या मधोमध एक बिट असतो. काचेसाठीचा डायमंड बिट इथे कामाचा नाही. तो कापण्याऐवजी घासतो, तापतो आणि वितळलेल्या अ‍ॅक्रिलिकने भरून जातो. पाणी वापरायचं असल्याने ड्रिल बॅटरीचं घ्या. हॅमर मोड बंद आहे ना, हे दोनदा तपासा. डोळ्यांवर गॉगल हवाच.

टाकी रिकामी आणि कोरडी करून अशी आडवी ठेवा की भोक पाडायची बाजू वर येईल. खाली जाड फोम अंथरा. आतून, भोकाच्या बरोबर खाली, प्लायवूडचा तुकडा शीटला घट्ट चिकटेल असा क्लॅम्पने किंवा ठोकळ्यांच्या टेकूने दाबून ठेवा. होल सॉ पलीकडे निघतो त्या क्षणी आधार नसेल तर टवके हमखास उडतात. या कामात बऱ्याच टाक्या इथेच वाया जातात. वरच्या बाजूला मास्किंग टेप लावून खूण करा.

वेग कमी ठेवा. ४५ मिमीच्या आसपासच्या होल सॉसाठी मिनिटाला ३०० ते ५०० फेरे पुरेत. दोन्ही हातांनी ड्रिल सरळ धरा, मधला ६ मिमीचा बिट आधी पार जाऊ द्या आणि हलक्या दाबाने पुढे जा. दर काही सेकंदांनी होल सॉ वर काढा, दातांतला भुसा ब्रशने झाडा आणि खाचेत साधं पाणी मारा. भुसा सुटा निघाला तर सगळं ठीक. तो चिकट दोऱ्यांसारखा निघाला किंवा उग्र वास आला तर थांबा, थंड होऊ द्या. अ‍ॅक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सियसला मऊ पडतं. तिथून पुढे होल सॉ आत अडकून ड्रिल हाताला जोरात हिसका देतं. ड्रिल आतल्या बाजूने लावता येईल इतकी टाकी मोठी असेल तर अर्धी जाडी बाहेरून आणि उरलेली आतून कापणं सर्वांत चांगलं.

कडा घासण्यात कंजुषी नको. २२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून भोकाची आतली भिंत गुळगुळीत करा, दोन्ही कडांची धार किंचित बोथट करा. पुसायला साबणाचं पाणी वापरा. स्पिरिट, थिनर, अ‍ॅसिटोन यांपैकी काहीही लावू नका. ताणलेल्या अ‍ॅक्रिलिकवर त्यांनी केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडतं.

निपलची चकती आत, रबरी वायसर चकती आणि शीटच्या मध्ये, नट बाहेर. सिलिकॉन लावू नका, ते अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही. खरं काम वायसर करतो. नट हाताने घट्ट करा आणि वर पाव फेरा, बस्स. बाहेरच्या पाइपला स्वतंत्र आधार द्या, नाहीतर त्याचं सगळं वजन भोकावर येतं.

टाकी घराबाहेर किंवा मोरीत भरून २४ तास ठेवा आणि भोकाभोवती टॉर्च तिरका मारून बघा. चंदेरी रेघा, म्हणजे बारीक तडे, दिसल्या तर पाणी काढा आणि मासे सोडायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. नुसता थेंब झिरपत असेल तर नट आवळत बसण्याआधी वायसर काढून त्याखाली भुशाचा कण अडकलाय का ते पाहा.